तोफा मोजू नका, आधी वारा बघा : शिडाच्या जहाजांची लढाई पटावर कशी खेळतात

वहीत चौकटी आखून 'अ-पाच', 'क-सात' असं पुकारत एकमेकांची जहाजं बुडवायचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत मागच्या बाकावर खेळलेला असतो. त्या खेळात जहाजं हलत नाहीत. एकदा कागदावर काढली की जागेवर बसून मार खातात. खरी आरमारी लढाई याच्या नेमकी उलटी. तिथे सगळंच हलत असतं : तुमचं जहाज, समोरच्याचं जहाज, पाणी, आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे वारा. दोघांनी खेळायचे जे आरमारी युद्धखेळ असतात, ते हे हलणं पटावर आणतात. कसं आणतात, तेच इथे सोप्या भाषेत सांगतेय. गेली तीन वर्षं मी असा खेळ माझ्या मामाबरोबर खेळतेय, आणि तेव्हापासून कोकण किनाऱ्यावरचा आपला इतिहास मी वेगळ्याच नजरेने वाचायला लागलेय.

मामा सदाशिव पेठेत राहतो. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झाला. मी शाळेत भूगोल शिकवते. पुण्यापासून सरळ रेषेत मोजला तरी समुद्र शंभर किलोमीटरवर आहे. आमचा समुद्र म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या चार ड्रॉइंग शीट, पाठीमागून चिकटपट्टीने जोडलेल्या आणि मामाने स्वतः षटकोन आखलेल्या. जहाजं त्याने पितळी पट्टीतून कापली आहेत. प्रत्येक जहाज बोटाच्या दोन पेरांएवढं, एका टोकाला कानस मारून टोकदार केलेलं, कारण जहाजाचं तोंड कुठे आहे हे लांबून एका नजरेत दिसायला हवं. हे टोक किती महत्त्वाचं आहे, ते पुढे येईलच.

मूळ नियम आम्ही 'वूडन शिप्स अँड आयर्न मेन' या अमेरिकन खेळावरून घेतले. एस. क्रेग टेलर यांनी तो रचला आणि १९७४ साली तो बाजारात आला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय आरमारांसाठी तो बनवलेला. आम्ही त्यात आपली गुराबं (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं (वल्ह्यांनीही चालणारी छोटी जहाजं) घातली, चालीचे आणि माऱ्याचे तक्ते आमच्यापुरते नव्याने केले. म्हणून खाली जे आकडे येतील ते आमच्या घरच्या तक्त्यांतले आहेत, पण मागचा विचार या जातीच्या सगळ्या खेळांत तोच असतो.

पटावर चौकोनांऐवजी षटकोन का, हा प्रश्न पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण विचारतो. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती सरळ जातो आणि उंट तिरका जातो. पण पट्टी लावून मोजलंत तर तिरकं एक घर सरळ एका घराच्या जवळजवळ दीडपट लांब असतं. बुद्धिबळात त्याने काही बिघडत नाही. तोफेचा पल्ला मोजायचा असेल तर मात्र बिघडतं, कारण तिरक्या दिशेला गोळा फुकटात लांब जायला लागतो. षटकोनाच्या मध्यापासून सहाही शेजाऱ्यांचे मध्य सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे चाल असो की पल्ला, नुसती घरं मोजली की काम झालं. आमच्या पटावर एक घर म्हणजे साधारण शंभर मीटर समुद्र.

आता वारा. डाव मांडताना पटाच्या कोपऱ्यात एक बाण ठेवतात. वारा कुठून येतोय हे त्याच्यावरून दोघांनाही दिसतं. शिडाचं जहाज थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊच शकत नाही. चौकोनी शिडांची मोठी जहाजं तर वाऱ्याच्या दिशेपासून साठ-सत्तर अंश बाजूला तोंड ठेवलं तरच पुढे सरकतात. षटकोनावर एक वळण साठ अंशांचं, त्यामुळे हा हिशोब पटावर चपखल बसतो. तोंड थेट वाऱ्यात असेल तर चाल शून्य. एक वळण घेऊन वारा गालावर घेतला तर मोठ्या जहाजाची चाल २ घरं. आणखी एक वळण घेतलं, वारा मागच्या खांद्यावर आला, की ५ घरं. आणि वारा बरोबर पाठीत असेल तर ४.

हा शेवटचा आकडा मला पहिल्या दिवशी चुकीचा वाटला होता. वारा पाठीत म्हणजे सर्वांत जोरात जायला हवं ना? मामाने तीन ताटं एकामागे एक उभी धरली आणि म्हणाला, "मागून फुंकर घाल. पुढच्या ताटाला लागते का?" नाही लागत. मागच्या डोलकाठीची शिडं पुढच्या शिडांचा वारा अडवतात. वारा थोडा तिरका आला की सगळी शिडं फुगतात. हे एकदा समजलं की 'वाऱ्याबरोबर जाणं' या शब्दांचा अर्थच बदलतो.

मग ज्या दिशेने वारा येतोय तिकडेच जायचं असेल तर? नागमोडी जायचं. थोडं डावीकडे, मग वळून थोडं उजवीकडे. खडकवासल्याच्या जलाशयात एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, छात्र शिडाच्या बोटी चालवायला शिकतात. एकदा चौपाटीवर कणीस खात मी अर्धा तास त्यांतली एकच बोट बघत उभी होते. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर वाटत होता, पण वारा नेमका तिथूनच येत होता. ती बोट इकडून तिकडे, तिकडून इकडे करत अर्ध्या तासात जेमतेम निम्म्यावर पोचली. पटावर अशी चाल करताना मला अजून ती बोट दिसते. दर वळणाला नाक वाऱ्यातून फिरवावं लागतं, त्या क्षणी चाल मरते, आणि फासा वाईट पडला तर जहाज मध्येच अडकून उलटं सरकायला लागतं. शत्रू जवळ असताना हे झालं तर काय होत असेल, याची कल्पना करा.

इथून आरमारी लढाईचं सर्वांत मोठं तत्त्व येतं. दोन ताफे समोरासमोर आले की ज्या बाजूकडून वारा येतोय त्या बाजूचा ताफा 'वाऱ्याच्या वर' आणि दुसरा 'वाऱ्याच्या खाली'. वरच्याला मनात येईल तेव्हा खालच्यावर झेपावता येतं. खालच्याला वर चढून यायचं तर तीच नागमोडी कसरत. शिवाय वरच्याच्या तोफांचा धूर खालच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे लढाई कधी सुरू करायची हे वरचा ठरवतो. खालच्याचेही काही फायदे आहेत, ते लोक विसरतात. त्याला पळून जाणं सोपं असतं, कारण सगळा समुद्र त्याच्या वाऱ्याला मोकळा. आणि वारा जोराचा असेल तर वरच्याचं जहाज शत्रूच्या बाजूलाच कलतं, खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकतात, मग त्या बंदच ठेवाव्या लागतात. तोफा आहेत पण उघडता येत नाहीत. इंग्रजांचा ओढा वरच्या बाजूकडे असे, फ्रेंच बऱ्याचदा खालची बाजू पत्करत. दोघांकडेही आपापलं कारण होतं.

आता ते टोक. शिडाच्या लढाऊ जहाजाच्या बहुतेक सगळ्या तोफा दोन्ही कुशींना असतात. पुढे दोन-चार, मागे दोन-चार, बस्स. म्हणजे जहाज जिकडे तोंड करून जातं तिकडे ते जवळजवळ नि:शस्त्र असतं. त्यातही पिछाडी सर्वांत नाजूक. कुशींना जाड लाकडी फासळ्या असतात, पिछाडीला कप्तानाच्या खोलीच्या काचेच्या खिडक्या. कुशीवर आदळलेला गोळा एका बाजूने शिरतो आणि फार तर दुसऱ्या बाजूने निघतो. पिछाडीतून शिरलेला गोळा तोफांच्या मजल्यावरून आडवा न जाता उभा, या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि वाटेत येणारी माणसं, तोफा, डोलकाठ्यांचे बुंधे सगळं घेत जातो. म्हणून माऱ्याच्या तक्त्यात पिछाडीचा रकाना वेगळा असतो. तेवढ्याच तोफा, तेवढंच अंतर, तोच फासा, पण नुकसान दुप्पट आणि कधीकधी त्याहून जास्त.

या एका नियमाने मला आंग्रे यांचं आरमार समजलं. कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मुलांच्या काळात कोकण किनाऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं आकाराने आणि तोफांनी मोठी असत. आंग्र्यांची गुराबं उथळ पाण्यात चालणारी, पुढे निमुळती, आणि त्यांच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, तोफा बसवलेल्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोराने ओढत. ती मोठ्या जहाजाच्या मागून येत, जिथे त्याच्या कुशीच्या तोफा पोचत नाहीत तिथे थांबत, आणि आधी डोलकाठ्या-शिडांवर मारा करत. जहाज पांगळं झालं की माणसांनी भरलेली गलबतं चारी बाजूंनी भिडत. १७३५ च्या अखेरीस संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने 'डर्बी' हे कंपनीचं मोठं जहाज पकडलं. नुसत्या तोफा मोजल्या तर हे नवल वाटतं. पटावर गुराबाचं टोक आणि मोठ्या जहाजाची पिछाडी समोरासमोर ठेवा, नवल उरत नाही.

खेळाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बुद्धिबळात मी चाल करते, मग तू करतोस. समुद्रात असं कोण थांबतंय? म्हणून इथे दोघंही आपापल्या प्रत्येक जहाजाची पुढची चाल गुपचूप कागदावर लिहितात आणि मग कागद एकदम उघडतात. लिहायची पद्धत सोपी आहे. '२ उ १' म्हणजे दोन घरं पुढे, उजवीकडे वळण, एक घर पुढे. '१ ड १' म्हणजे एक घर, डावं वळण, एक घर. एकदा लिहिलं की बदलायचं नाही. समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून, तो जिथे असेल तिथे नाही तर तो जिथे जाईल तिथे आपल्या तोफा न्यायच्या. अंदाज चुकला तर आपलीच दोन जहाजं एकमेकांवर आदळतात आणि दोऱ्या-डोलकाठ्यांच्या गुंत्यात अडकून बसतात. खऱ्या लढायांतही हे होत असे.

चाल झाली की मारा. प्रत्येक जहाजाचा एक कागद असतो. त्यावर सांगाडा, शिडं, तोफा आणि माणसं यांचे छोटे छोटे खाने. मारा करणाऱ्याने आधी सांगायचं, सांगाड्यावर मारतोय की शिडांवर. शिडांसाठी साखळीगोळे असतात, म्हणजे साखळीने जोडलेले दोन अर्धे गोळे. ते गरगरत जातात आणि दोऱ्या फाडतात. अगदी जवळ आल्यावर माणसांवर छर्रे. मग तक्त्यात अंतर बघायचं, दोन फासे टाकायचे, बेरजेप्रमाणे खाने खोडायचे. एकदा तोफा डागल्या की त्या बाजूला पुन्हा दारू-गोळा भरेपर्यंत ती कूस मुकी.

"फासे कशाला? मग तो नशिबाचाच खेळ झाला की," असं माझी एक सहकारी म्हणाली होती. तिला मी जे सांगितलं ते इथेही सांगते. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात. त्यांत बेरीज ७ येण्याचे ६ प्रकार आहेत, आणि १२ येण्याचा फक्त १. म्हणजे मधले आकडे वारंवार येणार आणि टोकाचे क्वचित. तक्ता बनवणारा नेमका याचाच वापर करतो. नेहमीचा परिणाम मधल्या आकड्यांवर ठेवतो, आणि डोलकाठी कोसळणं, आग लागणं अशा गोष्टी २ किंवा १२ वर. भिजलेली दारू, एखाद्या तोफचीची एका क्षणाची घाई, लाटेवर जहाजाचं वर जाणं, हे सगळं वेगवेगळं मोजता येत नाही, पण एकत्र केलं तर ते साधारण असंच वागतं. चांगला खेळाडू फाशावर भरवसा ठेवत नाही. वाईट फासा पडला तरी आपण बुडणार नाही अशा जागी तो आधीच जाऊन बसतो.

हे सगळं केवळ करमणुकीसाठी निघालेलं नाही. अठराव्या शतकात एडिंबरोत जॉन क्लार्क नावाचा एक व्यापारी होता. आरमारात त्याने कधी नोकरी केली नाही. घरी टेबलावर छोटी छोटी जहाजं मांडून तो एकच प्रश्न सोडवत बसे : इंग्लंडचं आरमार एवढं कसलेलं, मग इतक्या लढाया निकालाविना का सुटतात? त्याला दिसलं की दोन्ही ताफे समांतर रांगा करून लांबून गोळे टाकतात आणि वेगळे होतात. त्यापेक्षा शत्रूच्या रांगेच्या एका तुकड्यावर आपली सगळी ताकद ओतावी, रांग तोडून आत शिरावं, असं त्याने १७८२ साली छापून काढलं. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफल्गारच्या लढाईत इंग्रज ॲडमिरल नेल्सनने २७ जहाजांनिशी फ्रेंच-स्पॅनिश ताफ्याच्या ३३ जहाजांच्या रांगेवर दोन स्तंभांत चाल केली आणि ती रांग फोडली. क्लार्कच्या टेबलाला त्यातलं किती श्रेय द्यायचं यावर वाद आहे. पण नेल्सनने कोणती किंमत पत्करली होती, ते पटावर हात फिरवल्याशिवाय कळत नाही. सरळ चालून जाताना त्याच्या पुढच्या जहाजांचं टोक शत्रूच्या कुशीच्या तोफांसमोर होतं. वारा मंद होता. बराच वेळ ती जहाजं मार खात होती आणि उलट मारा करू शकत नव्हती. रांग ओलांडल्यावर मात्र शत्रूच्या पिछाड्या त्यांच्या दोन्ही कुशींना आल्या.

आणि दुसऱ्या महायुद्धातली लिव्हरपूलची गोष्ट तर सांगायलाच हवी, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. १९४२ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांचे काफिले फोडत होत्या. तेव्हा क्षयामुळे आरमारातून निवृत्त व्हावं लागलेला गिल्बर्ट रॉबर्ट्स हा अधिकारी आणि आरमाराच्या महिला दलातल्या तरुण मुली यांनी एका मोठ्या खोलीची जमीनच पट म्हणून आखली. खडूने जहाजांचे मार्ग काढायचे. शिकायला आलेले कप्तान कापडी पडद्याआडून, छोट्या भोकांतून तेवढंच बघणार, जेवढं समुद्रावरून दिसलं असतं. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढायचा, आणि तो रंग त्यांना पडद्याआडून दिसत नसे. अशाच खेळांतून रॉबर्ट्स आणि त्या मुलींच्या लक्षात आलं की पाणबुडी काफिल्याच्या बाहेरून नाही, रात्री काफिल्याच्या आत शिरून मारा करत असावी. त्यावर त्यांनी नवी चाल बांधली आणि हजारो अधिकाऱ्यांना ती शिकवली. वयाने विशीतल्या, समुद्रावर कधी न गेलेल्या मुलींनी मुरलेल्या कप्तानांना जमिनीवरच्या खडूने हरवलं. हे वाचलं त्या दिवशी मी शाळेत नववीच्या वर्गात धडा बाजूला ठेवून हीच गोष्ट सांगितली.

आता एक डाव जवळून बघू. खांदेरी, १६७९.

त्या वर्षी शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी बेटावर होते. मुंबईच्या इंग्रजांना हे चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी जहाजं पाठवून बेटाची रसद तोडायचा प्रयत्न केला. १८ ऑक्टोबरला सकाळी दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांची गलबतं चालून आली. इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली, 'रिव्हेंज' हे मोठं जहाज मात्र तोफांच्या जोरावर टिकून राहिलं.

सातवीच्या वर्गात मी खारे वारे आणि मतलई वारे शिकवते. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि सकाळपर्यंत टिकतो. मुलं दोन बाण असलेली आकृती काढतात, दोन गुण मिळवतात. खांदेरीच्या पटावर ती आकृती म्हणजे अख्खी लढाई आहे. बेट पश्चिमेला, किनारा पूर्वेला. पहाटे मतलई वारा असताना किनाऱ्यावरून निघणारी गलबतं आपोआप वाऱ्याच्या वर. दुपारी खारा वारा सुटला की तीच गलबतं रिकामी होऊन पाठीवर वारा घेत घरी. मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर याच वेळापत्रकाने जात-येत आल्या आहेत. आमच्या पटावर बाण आठव्या फेरीपर्यंत पूर्वेकडून असतो, मग दोन फेऱ्या वारा पडतो, आणि अकराव्या फेरीला तो पश्चिमेकडून लागतो.

मी इंग्रज होते. चौथी फेरी. माझं 'रिव्हेंज' बेट आणि किनारा यांच्या मध्ये, तोंड उत्तरेला पण जरा पूर्वेकडे झुकलेलं, वारा उजव्या गालावर, चाल २. मामाची पुढची सहा गलबतं पूर्वेकडून येत होती, बाकीची त्यांच्या मागे होती. मी विचार केला, ही सरळ माझ्या समोरून बेटाकडे धावणार. तेव्हा थोडं डावीकडे वळलं की उजवी कूस बरोबर त्यांच्यासमोर उघडेल. लिहिलं : '१ ड १'. मामा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पटाकडे बघत होता. मग त्याने लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

कागद उघडले. चार गलबतांना त्याने दक्षिणेकडून वळसा दिला होता, वल्ह्यांचं एक जास्तीचं घर वापरून. मी वळून थांबले तेव्हा माझी उजवी कूस रिकाम्या पाण्याकडे बघत होती आणि चार टोकदार पितळी पट्ट्या माझ्या पिछाडीला लागून होत्या. उरलेली दोन, धान्याने भरलेली, समोरून चालली होती, पण पल्ल्याच्या काठावरून. उजवीकडे परत वळायचं तर नाक वाऱ्याच्या जवळ न्यायचं आणि चाल घालवायची. डावीकडे वळायचं तर वारा पाठीत घेऊन बेटाकडे वाहत जायचं आणि मागे आणखी गलबतं सोडायची.

"अगं, तू जहाजाकडे बघत होतीस," मामा म्हणाला. "धान्याकडे बघायचंस."

तो बोलला ते खरं होतं. पिछाडीच्या रकान्यातून त्याने शिडांचे तीन खाने खोडले. माझी चाल २ वरून १ वर आली. पुढच्या पाच फेऱ्यांत मी त्याची तीन गलबतं बुडवली, एक पकडलं. माझं जहाज शेवटपर्यंत तरंगत होतं. बुडालेली जहाजं मोजली तर मी स्पष्ट जिंकले. पण डावाच्या अटीत लिहिलं होतं : धान्याची पाच गलबतं बेटाला लागली तर मराठे जिंकले. त्याची सहा लागली.

जिंकणं म्हणजे काय, हे डाव मांडतानाच लिहून ठेवावं लागतं, आणि दोन्ही बाजूंसाठी ते वेगळं असू शकतं. इंग्रजांना गलबतं बुडवायची नव्हती, बेट उपाशी ठेवायचं होतं. मराठ्यांना 'रिव्हेंज' नको होतं, बेटाची चूल पेटती हवी होती. प्रत्यक्षातही रसद पोचत राहिली, बांधकाम चालू राहिलं, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी मिटवून घेतलं. बेट मराठ्यांकडे राहिलं. मी लहानपणी या लढाईबद्दल वाचताना कुणाची किती जहाजं गेली एवढंच शोधायचे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं असं : पहिल्या दिवशी एका बाजूला एकच जहाज घ्या. तोफा बाजूला ठेवा. फक्त वारा आणि चाल. पटाच्या एका कडेपासून वाऱ्याच्या विरुद्ध दुसऱ्या कडेला पोचून दाखवा. दोघांपैकी जो आधी पोचेल तो जिंकला. हे तीन-चारदा झालं की मग तोफा आणा. मोठमोठे नियम पहिल्या बसण्यात वाचून काढायचा आग्रह धरला की माणसं कंटाळतात, आणि खोका कपाटावर जातो.

एक डाव मात्र आम्ही मांडला आणि खेळलो नाही. विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्रे पुण्याला जुमानत नव्हते म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज, समुद्राच्या बाजूला ॲडमिरल वॉटसन यांचा ताफा. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला वाघोटन खाडीत एकमेकांना बांधून नांगरलेली होती. इंग्रजांकडूनच पूर्वी पकडलेल्या 'रेस्टोरेशन'वर तोफगोळा पडला, आग लागली, आणि त्या जहाजावरून ती एकेक करत सगळ्या ताफ्याला लागली. किल्ला पडला. तुळाजी पुढे मरेपर्यंत कैदेत राहिले.

मामाने पितळी पट्ट्या खाडीच्या घरांत अगदी शेजारी शेजारी लावल्या. मी वाऱ्याचा बाण ठेवला. दोघांनी कागद घेतले. माझं लिहून झालं तरी मामाचा कागद कोरा होता. नांगरलेल्या जहाजाला चाल नसते, वळण नसतं, वारा कुठूनही आला तरी त्याचा उपयोग नसतो. लिहायला काही नव्हतंच. तो थोडा वेळ तसाच बसला. त्याच्या खिडकीतून, दोन गल्ल्या पलीकडे, शनिवारवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती.

"हा असा नको," तो म्हणाला. "आदल्या रात्रीपासून मांडू."

येत्या रविवारी तो डाव आहे. आंग्र्यांचा ताफा रात्रीच दोर कापून खाडीच्या तोंडाशी आलेला, पहाटेचा मतलई वारा पाठीशी, इंग्रज समोर, वाऱ्याच्या खाली. नियम मामाने लिहून आणलेत. इंग्रजांची बाजू माझ्याकडे आहे.